सर्व हक्क स्वाधीन

दिवाळीचा अंक हाती आला की कोणी आधी मुखपृष्ठ पाहतो, कोणी राशिभविष्य उघडतो, कोणी व्यंगचित्रांवर झडप घालतो. माझी खोड जरा निराळी. मी चित्राच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही शोधतो आणि मग आतल्या पानावर मुंगीएवढ्या टाइपात छापलेले 'सर्व हक्क स्वाधीन' हे तीन शब्द वाचतो. या तीन शब्दांपायी चित्रकारांना किती झगडावे लागले, ती कहाणी मोठी रंजक आहे. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारण्याचे कारण नाही. चकली मोडता मोडता ऐकण्याजोगीच ती आहे.

एकच चित्र रंगवून ते राजाला विकणाऱ्या चित्रकाराला चोरीचे भय बेताचेच असे. पण लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याच्या शेकडो प्रती काढता येऊ लागल्या, आणि जे चित्रकाराला सोपे झाले तेच नकलकारालाही झाले. जर्मनीतील न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर हा या कलेतला राजा. इटलीतल्या मार्कान्तोनियो राइमोंदीने त्याच्या चित्रांच्या हुबेहूब नकला कोरल्या, इतक्या हुबेहूब की ड्यूररची 'ए' आणि 'डी' ही गुंफलेली अक्षरेसुद्धा त्याने सोडली नाहीत! वासारी या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, ड्यूररने व्हेनिसला जाऊन फिर्याद केली आणि त्याच्या पदरात एवढेच पडले की त्याची अक्षरे यापुढे नकलेवर घालू नयेत. पुढे 1512 साली न्यूरेंबर्गच्या नगरसभेनेही खोटी अक्षरे घालून चित्रे विकणाऱ्या एका परक्या विक्रेत्याला तसाच हुकूम केला. म्हणजे संरक्षण मिळाले ते सहीला. चित्र बिचारे उघड्यावरच राहिले.

त्या उघड्यावरच्या चित्राला छप्पर मिळायला दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली, आणि ते मिळवून देणारा माणूस होता लंडनचा विल्यम होगार्थ.

होगार्थ जन्मला 1697 साली. वडील लॅटिन जाणणारे शाळामास्तर. त्यांनी एक कॉफीगृह काढले, ते बुडाले आणि कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला. पुस्तकविक्रेत्यांच्या वागणुकीने वडिलांचे आयुष्य खचले, असे होगार्थने पुढे लिहून ठेवले आहे. मला वाटते, या माणसाच्या पुढल्या साऱ्या हट्टाचे बीज इथेच आहे. बुद्धी एकाची आणि गल्ला दुसऱ्याचा, हे त्याने घरातच पाहिले होते.

चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून तो चित्रे कोरू लागला. 1724 साली त्याने लंडनच्या नाटकी अभिरुचीची टर उडवणारे एक चित्र काढले. किंमत एक शिलिंग. चित्र गाजले मात्र, आणि दुकानादुकानांतून त्याच्या नकला निम्म्या किमतीला लटकू लागल्या. अस्सल प्रती विकल्या न जाता त्याच्याकडे परत आल्या. चित्रे विकायची तर याच दुकानदारांच्या दारात जायचे. तेव्हा ते देतील त्या किमतीला पत्रा त्यांच्या हवाली करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मग त्याने दुकानदारांना वगळायचे ठरवले. गावाहून शहरात आलेली एक मुलगी कशी फशी पडते, त्याची सहा चित्रांची मालिका त्याने 1732 साली प्रसिद्ध केली. एक गिनी वर्गणी घेऊन, थेट घरून. बाराशेंवर वर्गणीदार मिळाले. पण नकलकार तरीही आलेच!

आता मात्र होगार्थ इरेला पेटला. काही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला. ग्रंथकारांना संरक्षण देणारा कायदा 1710 सालीच झाला होता; त्याच धर्तीवर 1735 साली कोरीव चित्रांचा कायदा मंजूर झाला. स्वतः कल्पिलेल्या चित्रावर चौदा वर्षे हक्क. नकलकाराचे पत्रे जप्त, छापलेले कागद नष्ट, आणि सापडलेल्या प्रत्येक प्रतीमागे पाच शिलिंग दंड.

इकडे होगार्थची 'एका उधळ्याची कहाणी' ही आठ चित्रांची नवी मालिका तयार होती, पण कायदा लागू होईपर्यंत त्याने ती दाबून ठेवली. नकलकारही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गिऱ्हाइकाच्या मिषाने त्यांनी त्याच्या घरी माणसे धाडली. ती मूळ रंगचित्रे डोळ्यांत साठवून आली, आणि आठवणीवरून कोरलेल्या ओबडधोबड नकला अस्सलाच्या आधीच बाजारात आल्या! होगार्थने आपली मालिका 25 जून 1735 रोजी बाहेर काढली. शिवाय लहान आकाराची स्वस्त आवृत्ती स्वतःच्याच परवानगीने काढवून त्याने स्वस्ताईचे गिऱ्हाईकही आपल्याकडे ओढले. हा डाव मला कायद्याइतकाच हुशारीचा वाटतो.

कायद्याची एक अट अशी की, पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलीच पाहिजे. जुन्या इंग्रजी चित्रांखाली ती बारीक ओळ आजही दिसते आणि इतिहासकारांना आयती तारीख मिळते. आपल्या अंकातल्या त्या तीन शब्दांची ती पणजीच म्हणा ना.

होगार्थ 1764 साली वारला. मूल नव्हते. पत्नी जेन हिच्या हाती उरले ते पत्रे आणि त्यांवरचा हक्क. 1767 साली पार्लमेंटने कायदा सुधारून मुदत अठ्ठावीस वर्षांवर नेली आणि जेनबाईंना नवऱ्याच्या चित्रांवर खास वीस वर्षांचा हक्क दिला. त्या प्रती विकून बाई राहिल्या. 1787 साली ती मुदत संपली. तेव्हा रॉयल अकॅडमीने चाळीस पौंडांचे वर्षासन बांधून दिले. दोनच वर्षांनी त्या वारल्या. चित्रावरचा हक्क म्हणजे घरातली चूल, हे त्या वीस वर्षांच्या हिशेबाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर आल्या. रविवर्मा 1906 साली निवर्तले. त्यांची चित्रे आता साऱ्यांची झाली आहेत, कारण हक्काला मुदत असते. आजचा आपला कायदा 1957 सालचा. चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही; चित्र काढले की हक्क जन्मला. शिवाय हक्क विकला तरी चित्राखालचे आपले नाव मागण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. ड्यूररला मिळाले होते ते इथे शाबूत आहे.

मात्र घरातल्या ज्या लेकीसुना साडीची, आकाशकंदिलाची किंवा दागिन्याची नवी नक्षी काढून धंदा मांडू पाहतात, त्यांनी एक कलम ध्यानात ठेवावे. जी नक्षी यंत्राने मालावर उठवायची, ती नोंदवली नाही आणि मालाच्या पन्नासांहून अधिक प्रती निघाल्या, तर कॉपीराइट गळून पडतो. त्यासाठी 2000 सालचा डिझाइनचा वेगळा कायदा आहे. तिथे नोंदणी केली की दहा वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे हक्क मिळतो. पण अर्ज करायचा तो माल दुकानात मांडण्यापूर्वी. एकदा नक्षी चारचौघांत आली की ती नवी राहत नाही आणि नोंदणी मिळत नाही.