देऊळ नव्हते, देवी घराच्या जमिनीखाली होती

देवळांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाशिकच्या पोटात देवळाचा मागमूस नसलेली एक वस्ती गाडली गेली आहे. गोदावरीकाठच्या मातीच्या गढीत डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, तेव्हा सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाण काळातील खापरे आणि सूक्ष्म दगडी हत्यारे मिळाली. त्याच हंगामात संगमनेरजवळ प्रवरेच्या खोऱ्यातील जोर्वे येथेही खोदकाम झाले आणि महाराष्ट्रातील या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. हे लोक तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढीत, कुडाच्या घरांत राहत, गुरे पाळीत. त्यांचा देव कोठे होता, या प्रश्नाचे उत्तर मात्र नाशिकला नव्हे, तर पुणे जिल्ह्यात सापडले.

जगात अन्यत्र या प्रश्नाचे उत्तर मातीच्या छोट्या वास्तुप्रतिकृतींत शोधले जाते. आग्नेय युरोपातील नवाश्मयुगीन वस्त्यांत अशा प्रतिकृती पुष्कळ मिळाल्या आहेत. मॅसिडोनियातील स्कोपये शहराजवळच्या वस्तीत तर घराच्या प्रतिकृतीच्या छपरातून एक स्त्रीआकृती वर आलेली दिसते; घर आणि देवी एकच. या वस्तूंना ‘मंदिराची प्रतिकृती’ म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु ते मंदिर होते की साधे राहते घर, याविषयी एकमत नाही. ग्रीसमधील थेसली प्रांतात मिळालेली प्रतिकृती या दृष्टीने विशेष बोलकी आहे. बिनछपराच्या छोट्या मातीच्या घरात आठ मूर्ती मांडलेल्या होत्या, आणि ते घर एका खऱ्या घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. वास्तूला अर्पण केलेली ही वस्तू सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची आहे.

जमिनीखाली पुरण्याची हीच कृती शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला दिसते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १३०० च्या सुमारास बांधलेल्या एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची लंबगोल पेटी मिळाली. तिच्यासोबत कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. त्यांपैकी एका मूर्तीला शिरच नव्हते. ते तुटलेले नव्हते. मूर्ती घडवलीच तशी होती. या मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे आहेत. त्यांत काडी घातली की देवी बैलावर आरूढ होते. वाहनावर बसलेल्या देवतेची कल्पना महाराष्ट्रात किती जुनी आहे, याचा याहून ठळक पुरावा क्वचितच मिळेल.

इनामगावला मंदिर म्हणता येईल अशी वास्तू मिळालेली नाही. (दायमाबाद येथे अग्निकुंडे असलेला धार्मिक वास्तुसमूह मिळाल्याचे उत्खनक साळी यांनी मांडले. तो अपवाद म्हणावा लागेल.) मातीची ती पेटी हेच त्या घराचे गर्भगृह. पूजा बहुधा कुटुंबापुरती, प्रसंगापुरती आणि पडद्याआड होत असावी. मूर्ती भाजलेली नाही, ही बाब येथे महत्त्वाची आहे. उत्तम भट्टी लावून खणखणीत भांडी भाजणाऱ्या लोकांना दोन मूर्ती भाजणे अवघड नव्हते. त्या कच्च्या ठेवल्या, कारण त्या टिकाव्यात अशी अपेक्षाच नसावी. पार्थिव पूजेनंतर मूर्ती पाण्यात सोडणाऱ्या आणि पोळ्याला मातीचे बैल पुजणाऱ्या समाजाला हा विचार परका वाटू नये. अर्थात, तीन हजार वर्षांवरून आजच्या सणांपर्यंत सरळ रेघ ओढणे धाडसाचे ठरेल.

या देवीकडे लोक काय मागत असावेत? डॉ. म. के. ढवळीकर यांनी बिनशिराच्या मूर्तीचा संबंध ‘विशिरा’ या मातृदेवतेशी जोडला आणि मुलांच्या रक्षणाशी तिचे नाते सुचवले. नाव निश्चित मानता येत नसले, तरी तर्काला घरातलाच आधार आहे. जोर्वे लोक दगावलेल्या मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि ते कुंभ घराच्या जमिनीखालीच पुरीत. इनामगाव, नेवासे, दायमाबाद, सर्वत्र ही दफने आढळतात आणि लहान मुलांची संख्या मनाला चटका लावते. ज्या जमिनीखाली मूल, त्याच जमिनीखाली देवी. वर चूल पेटत होती, माणसे झोपत होती. मृत्यू आणि देव या दोहोंना वस्तीबाहेर न घालवता घरातच जागा देणारा हा समाज होता.

पुढे सुमारे हजार वर्षांनी नाशिकच्या पांडवलेण्यांत खडक कोरून चैत्यगृह उभे राहिले, तेव्हा उपासनेसाठी स्वतंत्र वास्तू ही कल्पना येथे पक्की झालेली होती. पेटीतली देवी मात्र थरांखाली राहिली.

तिचे वाचणे हा निव्वळ योगायोग आहे. कच्ची माती ओली झाली की विरघळते आणि आजूबाजूच्या मातीपासून वेगळी ओळखू येत नाही; उत्खनकाने ब्रश जरा जोराने फिरवला तरी मूर्ती जाते. शिवाय अशा वस्त्यांची टेकाडे, म्हणजे गावोगावच्या पांढरी, खतासारख्या मातीसाठी वर्षानुवर्षे खणली गेली आहेत. गोदावरी, प्रवरा, घोड या नद्यांकाठी पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात पसरली गेली. खापर निदान नांगराला अडते आणि बांधावर येऊन पडते. कच्च्या मातीच्या देवीचे तसे होत नाही. पहिल्या पाण्याबरोबर तिची शेतजमीन होते.