अर्धशिशी : उपचार

अर्धशिशी कायमची घालवणारे औषध नाही. चालू झटका आवरणे आणि पुढचे झटके कमी करणे, ही दोन कामे मात्र बऱ्याच अंशी साधतात.

ठणका सुरू होताच घेतलेली गोळी अधिक लागू पडते. झटक्यात जठराचे काम मंदावते आणि उशिरा घेतलेले औषध नीट शोषले जात नाही. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन पुरते. त्याने न भागल्यास ट्रिप्टान गटातील औषधे देतात. अर्गट बुरशीपासून १९१८ मध्ये वेगळे केलेले अर्गोटामीन अनेक दशके वापरात होते. १९९१ मध्ये ट्रिप्टान गटातील सुमाट्रिप्टान बाजारात आले आणि अर्गोटामीनची सद्दी संपली. हृदयविकार वा पक्षाघात झालेल्यांना मात्र ट्रिप्टान वर्ज्य आहेत.

पर्समधली हुकमी गोळीच पुढे वैरी ठरू शकते. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके (ट्रिप्टान असल्यास १० दिवस) घेतल्यास औषधामुळेच डोके दुखू लागते.

प्रतिबंधासाठी प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझीन ही औषधे रोज घ्यावी लागतात. यांतले एकही मुळात अर्धशिशीसाठी शोधलेले नव्हते. सीजीआरपी या रेणूच्या ग्राहीला (रिसेप्टरला) लक्ष्य करणाऱ्या एरेनुमॅब इंजेक्शनला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. किंमत हाच त्यातला मोठा अडसर.

झटके कमी करण्यासाठी जागरण, उपास आणि जेवण चुकवणे टाळणे मात्र बिनखर्चाचे आहे.

अचानक, कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखल्यास किंवा सोबत अंग लुळे पडल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.