शर्यतीतील ऊर्जापुनर्प्राप्ती : भोरघाट ते हुसेनसागर



मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी मोटारशर्यतीचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो आपल्याच शहरात घडत असताना त्याची नोंद न घेणे बरे नव्हे. मलकपेठेला शर्यत नवी नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, १८८६ मध्ये, येथे घोड्यांच्या शर्यती आल्या. रेसकोर्स आजही आपल्या वस्तीची खूण आहे. मात्र ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी झालेली शर्यत निराळी होती. विजेवर धावणाऱ्या मोटारींची, ‘फॉर्म्युला ई’ची, ती भारतातील पहिली शर्यत.

या शर्यतीचे मर्म वेगापेक्षा वेग आवरण्यात आहे. साधी मोटार ब्रेक लावते, तेव्हा तिच्या गतीत साठलेली ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन हवेत विरते. विजेच्या मोटारीला मात्र दुसरा मार्ग उपलब्ध असतो. तिची मोटर चाकांना फिरविण्याऐवजी चाकांकडून फिरविली गेली, की ती जनित्र बनते. गाडी मंदावते आणि निर्माण झालेली वीज साठवता येते. सुमारे ८५० किलो वजनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आली, तर जवळजवळ १.१ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. घरच्या मीटरच्या हिशेबाने हे ०.३ युनिट झाले. म्हणजे ४० वॅटचा दिवा साडेसात तास जळेल एवढी वीज. सगळी हाती लागत नाही. पण वळणे अनेक आणि फेऱ्या अनेक असल्या, की थेंबे थेंबे तळे साचते.

ही युक्ती शर्यतीत जन्मली, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. मुंबई-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० मध्ये पूर्ण झाले. ३७ फुटांमागे एक फूट अशा चढाच्या भोरघाटात जी. आय. पी. रेल्वेने मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिने आणली, त्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना त्यांच्या मोटरी वीज निर्माण करीत व ती माथ्यावरच्या तारेत परत सोडीत. घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती उपयोगी पडे. म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर हे तत्त्व शर्यतीच्या कितीतरी आधी राबत होते. त्यांतील पहिले इंजिन, मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाचे, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

मग शर्यतीने काय केले? इंजिनाला तार जोडलेली होती आणि वजनाची फिकीर नव्हती. शर्यतीच्या गाडीला तार नाही, आणि तेथे किलोकिलोचा हिशेब होतो. ‘फॉर्म्युला वन’ने २००९ मध्ये प्रथम ही सोय नियमांत आणली : ६० किलोवॅट शक्ती आणि फेरीमागे ४०० किलोज्यूल, एवढीच मर्यादा. त्या वर्षी हंगेरीत लुईस हॅमिल्टनने ती वापरून पहिला विजय मिळविला. तरीही खर्च व वजन पाहून २०१० मध्ये साऱ्या संघांनी ती बाजूला ठेवली आणि २०११ मध्ये पुन्हा स्वीकारली. २०१२ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या ज्या गाडीने जिंकली, ती ब्रेकची ऊर्जा बॅटरीऐवजी अतिवेगाने फिरणाऱ्या चाकात साठवीत असे. २०१४ मध्ये ‘फॉर्म्युला वन’ने शर्यतीसाठी इंधनच १०० किलोवर मर्यादित केले आणि काटकसर ही विजयाची अट झाली.

त्याच वर्षी बीजिंगमध्ये ‘फॉर्म्युला ई’ सुरू झाली. तिच्या आरंभीच्या संघांत मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाचा संघ होता, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. आरंभीच्या बॅटऱ्या इतक्या तोकड्या, की चालकाला अर्ध्या शर्यतीत गाडीच बदलावी लागे. हैदराबादेत धावलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाडीने ६०० किलोवॅटपर्यंत शक्ती ब्रेकमधून परत घेतली : मागील चाकांकडून ३५० आणि पुढील चाकांकडून २५०. शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा अशी वाटेतच मिळते, असे तिच्या रचनाकारांनी सांगितले. लुंबिनी पार्क आणि नव्या सचिवालयाच्या परिसरातील २.८ किलोमीटरच्या वळणावळणांच्या मार्गावर ज्याँ-एरिक व्हर्नने निक कॅसिडीला अखेरपर्यंत थोपवून धरले, त्यात शिल्लक ऊर्जेच्या हिशेबाचा वाटा मोठा होता.

दुसऱ्या वर्षी ही शर्यत झाली नाही. फेब्रुवारी २०२४ साठी ठरलेला कार्यक्रम राज्यात सरकार बदलल्यानंतर जानेवारीतच रद्द झाला आणि पुढे खर्चाच्या चौकशीचा वाद उभा राहिला. त्या वादाचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. मात्र सार्वजनिक पैशातून उभा राहणारा कोणताही उत्सव लोकांना काय परत देतो, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. ज्या यंत्राचे सारे वैशिष्ट्य परताव्यात आहे, त्याच्या उत्सवाला तर हा प्रश्न अधिकच लागू पडतो.

माझ्यापुरते उत्तर असे. शर्यत ही यंत्राची परीक्षा असते, शाळा नव्हे. तत्त्व शिकावे ते रोजच्या व्यवहारात. सप्टेंबर २०१८ पासून मलकपेठेवरून धावणारी मेट्रो प्रत्येक स्थानकावर थांबताना आपल्या गतीचा काही भाग विजेच्या रूपाने परत देते. तिला प्रेक्षक नाहीत, पारितोषिक नाही. विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी जे कोणी उद्या अभियंते होतील, त्यांनी हुसेनसागराच्या शर्यतीतील कौशल्य अवश्य अभ्यासावे. पण त्याचा उपयोग बस, रिक्षा आणि आगगाडीसाठी करावा. वेग वाढविण्याची विद्या माणसाने पुष्कळ मिळविली. आवरलेल्या वेगातूनही काही कमावता येते, ही विद्या त्या मानाने नवी आहे, आणि पुढील काळाला तिचीच अधिक गरज पडणार आहे.