बर्फाखालचा मासा आणि मान डोलावणारी काठी

१/ बर्फाखालच्या माशाने आमिष तोंडात घेतले, हे वर बसलेल्या माणसाला कळते कसे? प्रश्न साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरात रशियन हिवाळा, रानडुकराचे राठ केस, घड्याळाची स्प्रिंग आणि सोव्हिएत रसायनशास्त्र या सगळ्यांचा वाटा आहे. आजचा धागा हिवाळी मासेमारीतील संवेदनशील काठीविषयी.

२/ प्रथम निसर्गाची अट समजून घेऊ. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. म्हणून तलाव वरून गोठतो आणि तळाशी साधारण ४ अंशांचे पाणी शिल्लक राहते. मासे तगतात, पण मंदावतात. एरवी आमिषावर झडप घालणारा मासा हिवाळ्यात ते अलगद तोंडात ओढतो आणि शंका येताच थुंकून टाकतो.

३/ जुना उपाय होता जाळ्याचा. स्वीडनचा निर्वासित आर्चबिशप ओलाउस माग्नुस याने उत्तरेकडील लोकजीवनावरचा आपला ग्रंथ १५५५ मध्ये रोममध्ये छापला. गोठलेल्या पाण्याखालून जाळी ओढणारी माणसे त्यातील चित्रांत दिसतात. जाळ्याला माशाचा स्पर्श ‘कळण्याची’ गरज नसते. ती गरज गळ सोडून एकट्याने बसणाऱ्या माणसाची.

४/ या गरजेचे सर्वांत काटकसरी उत्तर रशियात घडले. उरल आणि सैबेरियाच्या बोलीत ‘मोर्मिश’ म्हणजे गोड्या पाण्यातला, कोळंबीसारखा दिसणारा बारीक जीव. माशांचे आवडते खाद्य. त्याच्यावरून ‘मोर्मिश्का’ हे नाव आले: शिशाचा वा टंगस्टनचा थेंबाएवढा गोळा आणि त्यातच बसवलेला गळ.

५/ टंगस्टनची घनता शिशाच्या दीडपटीहून अधिक. त्यामुळे तेवढ्याच वजनाची मोर्मिश्का आकाराने लहान होते आणि लवकर खोल जाते. पण तिचे वजन पुष्कळदा एका ग्रॅमहूनही कमी! असे आमिष माशाने ओढले, तर गारठलेल्या, हातमोजा घातलेल्या हाताला काय जाणवणार?

६/ म्हणून काठीच्या टोकाला आली ‘किवोक’. रशियन भाषेत मान डोलावण्याच्या क्रियेवरून हे नाव पडले. ही काही सेंटिमीटर लांबीची लवचीक पट्टी. तिच्या शेंड्यातून तंगूस सरळ भोकात उतरतो. हाताला न कळणारी हालचाल ती डोळ्यांना दाखवते. बर्फावर गळ दूर फेकायचा नसतो, म्हणून उरलेली काठी वीत-दीड वीत पुरते.

७/ निवडीचा नियम एकच: किवोक आमिषाच्या वजनाला साजेशी हवी. मोर्मिश्का टांगल्यावर ती आडव्या रेषेपासून साधारण ३० ते ४५ अंश खाली वाकावी. फार ताठ असेल तर हलका स्पर्श दिसत नाही. फार मऊ असेल तर आमिषाला हवी तशी थरथर देता येत नाही. काठी महाग असून ही जोडी चुकली, तर पैसा वाया.

८/ मासाही पाहावा लागतो. पर्चला जलद थरथर भुलवते. त्यासाठी किवोक आखूड आणि थोडी ताठ. ब्रीम हा मासा आमिष पुष्कळदा वर उचलतो. अशा वेळी भार हलका होऊन वाकलेली किवोक सरळ होते. म्हणजे शेंडा खाली जाण्याची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून ब्रीम निसटतो! त्याच्यासाठी लांब, संथ किवोक बरी.

९/ वापराची रीत: आमिष तळाला टेकवावे, हलके थरथरवत सावकाश वर आणावे, मध्येच थांबावे. नजर शेंड्यावर. त्याच्या लयीत कुठलाही बदल दिसला, की मनगटाचा छोटा झटका. शेंड्यावर गोठलेले पाणी वरचेवर काढावे. बर्फाचा एक मणीसुद्धा सारा तोल बिघडवतो.

१०/ ही किवोक लोक घरीच बनवत. रानडुकराचा राठ केस, घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा, जुनी एक्स-रे फिल्म आणि पुढे ‘लाव्सान’. लाव्सान म्हणजे सोव्हिएत पॉलिएस्टर. विज्ञान अकादमीच्या ज्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला. अकादमीचे नाव असे थेट बर्फावरच्या काठीच्या टोकापर्यंत पोहोचले.

११/ काठ्यांचा रूढ इतिहास मात्र कारखान्यांभोवती फिरतो: १९३८ मध्ये ड्यूपाँटने जाहीर केलेले नायलॉन, १९७० च्या दशकात आलेल्या कार्बन तंतूंच्या काठ्या. हे टप्पे महत्त्वाचे खरेच. बारीक आणि मजबूत तंगूस नसता, तर एवढी हलकी आमिषे वापरणेच अवघड होते. पण एक्स-रे फिल्म कापून तिचा वाक डोळ्यांनी जोखणाऱ्याच्या नावावर पेटंट नसते, आणि त्याची किवोक मोडली की कचऱ्यात जाते.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न गंभीर आहे. केवळ कागद जपणाऱ्यांनाच आपण शोधक मानले, तर वापरता वापरता वस्तू सुधारणारी असंख्य माणसे इतिहासातून गळून पडतात. त्यांचा पुरावा वस्तूंत, शब्दांत आणि सवयींत असतो. ‘मोर्मिश’ हा बोलीतला शब्द एका अवजाराचे मूळ सांगतो, तो असा.

१३/ तुमच्या घरात, शेतावर किंवा बंदरावर कुणी स्वतः घडवलेले असे एखादे अवजार आहे का? त्याचे नाव, ते कशापासून बनवले आणि का, एवढे खाली अवश्य लिहा. (समाप्त)