कागद, काच, पत्रा आणि आपण

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणे आटोपली की हल्ली एक चर्चा हमखास रंगते. ही ताटली हिरव्या डब्यात की काळ्या? चहाच्या कपाचे काय करायचे? आपली इथे वाढलेली मुले मोठ्यांना नियम समजावून सांगतात आणि मोठी मंडळी कौतुकाने ऐकतात. मग कोणीतरी म्हणतेच, "हे सगळे इथेच जमते हो! आपल्याकडे ही शिस्त यायला अजून पन्नास वर्षे लागतील."

हे वाक्य इतक्यांदा ऐकले, की खरे काय ते पाहावे म्हणून मी थोडे वाचन केले. हाती दोन शहरांच्या कहाण्या लागल्या. एक आपल्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोची, दुसरी पुण्याची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, तर आपल्या चर्चेचा सूर थोडा बदलेल असे वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोला कचरा वेगळा करण्याची सवय प्रथम कायद्याने लागलेली नाही. ती लागली गरिबीतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या जेनोआ भागातून आलेले, इंग्रजीचा गंध नसलेले लोक घोडागाड्या घेऊन टेकड्या चढत आणि घराघरांतला कचरा पाठीवर वाहून आणत. त्यातल्या चिंध्या, बाटल्या, हाडे, धातू निवडून विकत. १९२० च्या सुमारास त्यांनी एकत्र येऊन 'सनसेट स्कॅव्हेंजर' आणि 'स्कॅव्हेंजर्स प्रोटेक्टिव्ह असोसिएशन' अशा भागीदारीच्या संस्था उभ्या केल्या. गाडीवर राबणारा माणूसच संस्थेचा मालक! १९३२ मध्ये शहराच्या मतदारांनी परवाना पद्धतीचा कायदा केला आणि या लोकांचे काम सुरक्षित झाले. आज ज्या 'रिकॉलॉजी' कंपनीच्या गाड्या शहरात फिरतात, तिचे मूळ याच संस्थांमध्ये आहे आणि तिची मालकी आजही कर्मचाऱ्यांकडे आहे.

कायदे आले ते फार नंतर. शहराने २००२-०३ मध्ये 'शून्य कचरा' हे ध्येय ठरवले आणि त्यासाठी २०२० ची मुदत घातली. २००९ मध्ये ओला, सुका आणि उरलेला कचरा वेगळा करणे सर्वांना सक्तीचे झाले. तरीही २०२० मध्ये कचरा शून्यावर आला नाही. मुदत संपण्याआधीच, २०१८ मध्ये, शहराने नवी उद्दिष्टे ठरवली होती : २०३० पर्यंत एकूण कचरा १५ टक्क्यांनी आणि पुरला किंवा जाळला जाणारा कचरा निम्म्याने कमी करायचा. म्हणजे ज्या शिस्तीचा आपण हवाला देतो, तीही अजून वाटेतच आहे.

आता पुण्याकडे वळू. आपल्या लहानपणी घरातून फारसे काही फुकट जात नसे. रद्दीवाला वर्तमानपत्रे तोलून नेई, भंगारवाला डबे-पत्रे नेई, जुन्या साड्यांवर बोहारणीकडून स्टीलचे भांडे मिळे आणि त्यासाठी आईची घासाघीस तासभर चाले. पण यातूनही जे कचराकुंडीत जाई, ते निवडणाऱ्या बायका आपल्याला दिसूनही दिसत नसत. त्यांतल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. कित्येक जणींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. कुत्री अंगावर येत, पोलीस चोरीचा संशय घेत आणि सोसायटीच्या फाटकातून त्यांना हाकलले जाई.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी साक्षरतेच्या कामाच्या निमित्ताने या बायका-मुलींपर्यंत पोहोचल्या. कचरा कुंडीत जाण्याआधी घरातूनच वेगळा मिळाला, तर काम स्वच्छ होईल आणि कमाईही वाढेल, हा विचार तिथून पुढे आला. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांची साथ मिळाली आणि मे १९९३ मध्ये आठशेहून अधिक कचरावेचकांच्या मेळाव्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' जन्माला आली. नावच किती बोलके आहे पाहा!

पंचायतीने पहिल्यांदा मागितले ते ओळखपत्र. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने त्याला मान्यता दिली आणि 'चोर' ठरवल्या गेलेल्या बाईच्या हाती 'कामगार' म्हणून कागद आला. २००२-०३ मध्ये महापालिकेने त्यांच्यासाठी आरोग्य विमा सुरू केला. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. घरामागे दरमहा ठरलेले शुल्क आणि सुका माल विकून आलेले पैसे, ही त्यांची कमाई. आज या संस्थेत साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भंगाराला वजन आणि प्रत यांवर भाव मिळतो. वरणभातात भिजलेल्या कागदाला काय भाव येणार? म्हणजे आपण ओला-सुका वेगळा करतो तेव्हा एका बाईची मजुरी वाढते आणि करत नाही तेव्हा ती कापली जाते. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे या बायका कळकळीने सांगत आल्या, कारण तो उघड्या हातांनी निवडावा लागे. २०१६ च्या घनकचरा नियमांत असा कचरा वेगळा गुंडाळून देणे नागरिकांचे कर्तव्य ठरले आणि कचरावेचकांच्या कामाचीही दखल घेतली गेली.

सगळे गोड झाले असे नाही. न निवडलेला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला आणि तिथल्या गावकऱ्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. 'स्वच्छ'चा करार संपत आला की काम मोठ्या ठेकेदाराच्या यांत्रिक गाड्यांना द्यावे, अशी चर्चा उठते आणि हजारो घरांच्या चुली टांगणीला लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या इटालियनांना १९३२ च्या कायद्याने जो भरवसा दिला, त्याची या बायका अजून वाट पाहत आहेत.

मंडळी, म्हणून मला वाटते की 'आपल्याकडे शिस्त नाही' हे अर्धेच सत्य आहे. निवडणारे हात आपल्याकडे फार पूर्वीपासून होते. कमी पडले ते टाकणारे हात आणि त्या कामाला मान देणारी नजर. मुलांना तीन डब्यांचे रंग शिकवतो तशी ही कहाणीही सांगू या. आणि सुट्टीत पुण्याला गेलो की दारात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचे नाव विचारू या, कचरा वेगळा करून त्यांच्या हाती देऊ या आणि आई-बाबांच्या सोसायटीचे महिन्याचे शुल्क वेळेवर जाते की नाही, तेही पाहू या.