भट्टीतली तार आणि जवळ्यातली रेती



बोंबील आपण वलांडीवर सुकवतो, पण जवळा किनाऱ्यावरच पसरतो. मग व्यापारी मूठभर जवळा तळहातावर चोळतो, "रेती आहे, ओलही आहे," म्हणतो आणि भाव पाडतो. रेती किती, ओल किती, हे तोही सांगत नाही नि आपल्यालाही सांगता येत नाही. प्रयोगशाळेत ते मोजता येतं, आणि तिथे कामाला येते एक तार. आज तिची गोष्ट.

१९०४ साली आपल्या अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडली असती, म्हणून ते काम इकडे आणलं. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र विजेच्याच मदतीने मोजमाप नेमकं करणारी तार तयार होत होती.

तोवर नमुना तापवायचा तो बहुधा कोळशावर नाहीतर गॅसवर. आच कमीजास्त व्हायची. वीज सोडली की तार तापते, हे माहीत होतं. पण लोखंडाची तार लाल होऊन लवकर जळायची आणि प्लॅटिनमची फार महाग पडायची. अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम एकत्र केलं. १९०६ साली त्यांना पेटंट मिळालं. ही तार तापली की तिच्यावर पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच तिला जळू देत नाही. आपल्या विजेच्या शेगडीतली कॉईलही बहुधा याच जातीची.

आता जवळ्याकडे येऊ. मोजून घेतलेला नमुना १०५ अंशांवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत तापवतात. जेवढं वजन घटलं, तेवढी ओल. दुसरा नमुना भट्टीत सुमारे ५५० अंशांवर जाळतात. उरलेली राख आम्लात उकळली की मासळीतला चुना विरघळतो, रेती मागे राहते. ५ ग्रॅम जवळ्यात पाव ग्रॅम रेती निघाली, तर शंभरात पाच.

म्हणून आपल्या गटाने मोठा सौदा करण्याआधी पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडा थोडा जवळा घ्यावा, कोरड्या पिशवीत बंद करावा आणि अन्नाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावा. रेती जास्त निघाली, तर तेही मान्य करू आणि पुढचा जवळा जाळीवर सुकवू. कमी निघाली, तर तो कागद समोर ठेवूनच भाव बोलू.