जीवनचक्राचा आरंभ कोठे?

मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसईची खाडी जेथे ओलांडतो, तेथे वरसावे आहे. अंधेरीचे वेसावे वेगळे. तेथील किनारा अफरोज शाह यांनी २०१५ पासून स्वच्छ करावयास घेतला आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. वरसाव्याला ही कीर्ती नाही. मात्र कर्जत, बदलापूर, कल्याण मागे टाकून येणारी उल्हास नदी खाडीरूपाने याच पुलाखालून समुद्राकडे जाते. तिच्यातून वाहत येणारे प्लास्टिक नेमके कोणाचे मानावे? आमच्या मते, जागतिक वाटाघाटींचा इतिहास या प्रश्नापाशीच अडला आहे.

२ मार्च २०२२ रोजी नैरोबीत १७५ देशांनी प्लास्टिक प्रदूषण संपवणारा करार करण्याचे ठरवले. ठरावात 'संपूर्ण जीवनचक्र' असा शब्दप्रयोग होता. पुढचा सारा वाद म्हणजे या दोन शब्दांचा अर्थनिर्णय होय. अनेक देशांच्या मते हे जीवन बहुवारिकाच्या कारखान्यात सुरू होते, म्हणून उत्पादनालाच मर्यादा हवी. तेलोत्पादक देशांच्या मते प्रश्न केवळ कचऱ्याचा आहे. उत्पादनावरील बंधनांना भारतानेही बुसान येथे २०२४ मध्ये असहमती दर्शवली. मसुदा कंसांनी भरत गेला आणि ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा बैठकही करारावाचून संपली.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला आणि ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली गेली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर वापराबरोबर उत्पादन, विक्री, वाहतूक आणि साठवण यांनाही हात घातला. परंतु अंमलबजावणी सुरू होऊन काही दिवस लोटतात न लोटतात तोच किराणा दुकानांतील वेष्टनांना सवलत द्यावी लागली. उगमापाशी जावे आणि तेथून परतावे, हा क्रम आपण आधीच पाहिला होता.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. आम्हांला यात व्याकरण दिसते. 'कचरा साचला' या वाक्यात कचराच कर्ता असतो. तो निर्माण करणारा वाक्यात येतच नाही. त्याला वाक्यात आणावे की नाही, एवढ्यासाठीच जिनिव्हात रात्री जागवल्या गेल्या. वरसाव्याच्या पुलावरून खाडीकडे पाहताना आपणही हे वाक्य असेच अर्धवट उच्चारतो, याचे भान आम्हांला अस्वस्थ करते.